तंजावरची रेषा

सृष्टीत रेषा नाही. झाडाला, डोंगराला, माणसाच्या चेहऱ्याला कडा असते. पण त्या कडेवरून फिरणारी रेघ निसर्गाने कोठेही ओढलेली नाही. जेथे एक रंग संपतो व दुसरा सुरू होतो, जेथे उजेड थांबतो व सावली लागते, तेथे मनुष्याची दृष्टी एक सीमा कल्पिते आणि त्याचा हात ती सीमा भिंतीवर, कापडावर किंवा भुईवर उतरवितो. बाह्यरेषा ही सर्वस्वी मानवाची निर्मिती होय. लहान मूल चित्र काढू लागते ते रेषेनेच. रंग भरणे त्याला मागाहून सुचते. आणि आयुष्यभर साधना केलेला चित्रकार शेवटी ज्या गोष्टीवरून ओळखला जातो तीही पुष्कळदा रेषाच असते.

विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र नावाच्या प्रकरणात चित्राच्या रसिकांची मोठी मार्मिक प्रतवारी केलेली आहे. कोणाला छायाप्रकाश आवडतो, कोणाला अलंकार, सामान्य जनांना रंगांचा थाट. आचार्य मात्र रेषेची प्रशंसा करतात, असा तिचा आशय आहे. पाश्चात्त्यांकडेही रेषेच्या जन्माची एक कथा आहे. कोरिंथ येथील एका कुंभाराच्या मुलीने परदेशी निघालेल्या आपल्या प्रियकराची भिंतीवर पडलेली छाया कडेकडेने रेखून ठेवली आणि बुटाडीस नावाच्या तिच्या पित्याने त्या रेघेच्या आत माती भरून ती भाजली, असे रोमन ग्रंथकार प्लिनी सांगतो. ह्या कथेत मुलीची रेघ जितकी महत्त्वाची तितकीच बापाची मातीही महत्त्वाची आहे. एकीने आकार पकडला, दुसऱ्याने त्याची वस्तू केली. रेषा नुसती आठवण म्हणून राहिली नाही, ती कारागिराच्या कामाला लागली.

रेषा अशी कामाला लावणारा एक प्रदेश भारताच्या दक्षिण टोकाशी आहे, आणि मराठी माणसाचा त्याच्याशी जुना ऋणानुबंध आहे. तो म्हणजे कावेरीचा त्रिभुज प्रदेश. तिरुचिरापल्लीच्या वरच्या अंगाला कावेरीतून कोळ्ळिडमचा फाटा निघतो. पुढे कल्लणै ह्या पुरातन बंधाऱ्यापासून वेण्णारू, कुडमुरुट्टी, अरसलारू अशा नावांनी ती नदी फुटत फुटत समुद्राकडे जाते. ह्या सपाट मुलखात डोंगर नाही, दगड नाही. आहे ती नदीने आणून घातलेली बारीक माती आणि त्या मातीवर पिकलेला तांदूळ. व्यंकोजी राजांनी सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात तंजावर घेतले, तेव्हापासून १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य येथे नांदले. ह्या राज्याच्या ग्रंथभांडाराविषयी, नाटकांविषयी आणि संगीताविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु तंजावरच्या राजवाड्याभोवतीच्या गावांतून जी रेषा शतकानुशतके हातोहात चालत आली, तिच्याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे.

ही रेषा प्रथम दिसते ती उंबऱ्याबाहेर. पहाटे अंगण झाडून, सडा घालून, तांदळाच्या पिठाने कोलम रेखावयाचे हा तेथील घरोघरीचा परिपाठ. मार्गळी महिन्यात, म्हणजे साधारण डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, ह्या कामाला विशेष बहर येतो. महाराष्ट्रातील ठिपक्यांची रांगोळी आणि तेथील कोलम ह्यांत एक लक्षणीय भेद आहे. आपल्याकडे ठिपके बहुधा रेघेने जोडले जातात. ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत रेघ जाते आणि त्यातून फूल, कासव किंवा समई उभी राहते. तेथील शिक्कु कोलमात मात्र रेघ ठिपक्याला शिवत नाही. ती त्याच्या कडेने वळते, दोन ठिपक्यांच्या मधून निघते, स्वतःलाच छेदीत पुढे जाते आणि सर्व ठिपक्यांना वेढा घालून जेथून निघाली तेथेच येऊन मिळते. कित्येक कोलमांत आरंभापासून अखेरपर्यंत एकच रेघ असते. रेघ चुकली तर ती मिटत नाही, आणि न मिटलेले कोलम पुरे झाले असे समजले जात नाही.

ह्या कामाला मोजपट्टी लागत नाही, कागदावरचा नमुना लागत नाही. आईच्या हातावरून मुलीच्या हातात ते येते. तरीही त्याचे नियम इतके पक्के आहेत की मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील गिफ्ट सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली कोलमांच्या आकृत्यांवर गणिती व्याकरण रचून दाखविले. भाषेत थोड्या नियमांनी असंख्य वाक्ये होतात, तशी थोड्या वळणांनी असंख्य कोलमे होतात, हा त्या संशोधनाचा गाभा. आणि एवढी शिस्त ज्यावर खर्चिली जाते ते कोलम दुपारपर्यंत मुंग्यांच्या, चिमण्यांच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायी पडून नाहीसे होते! दुसऱ्या दिवशी पुन्हा नवे. हात तयार राहतो तो ह्या रोजच्या पुसण्यामुळेच.

भुईवरची रेघ पुसली जाते, भिंतीवरची राहते. राजराज चोळाने बांधविलेले तंजावरचे बृहदीश्वर मंदिर १०१० च्या सुमारास पुरे झाले. त्याच्या गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गातील भिंतींवर नायक राजांच्या काळची चित्रे आहेत असेच पुष्कळ वर्षे समजले जात होते. १९३१ साली अण्णामलै विद्यापीठातील एस. के. गोविंदस्वामी ह्यांनी त्या चित्रांचा थर जेथे निखळला होता तेथे निरखून पाहिले, तो खाली दुसरी चित्रे! ती चोळांच्या काळची निघाली. ओल्या चुन्यावर रंगविण्याची ही पद्धती. चुना वाळण्याच्या आत काम उरकले पाहिजे, आणि एकदा चुन्याने रंग पिऊन घेतला की दुरुस्ती करावयास वाव उरत नाही. सुंदरर हा संत शुभ्र हत्तीवर बसून कैलासाकडे निघाला आहे आणि त्याचा मित्र चेरराजा घोड्यावरून त्याच्यासोबत दौडत आहे, हा प्रसंग त्या भिंतीवर पाहावा. अंगावरचे रंग आज विटले आहेत, जागोजागी ढलपे उडाले आहेत. परंतु घोड्याच्या मानेचा बाक, नर्तकीच्या कमरेचे वळण ही जेथे रेषेवर उभी आहेत तेथे जशीच्या तशी आहेत. रंगाने सोडलेली जागा रेषेने राखली.

तीच गोष्ट कुंभकोणमजवळच्या स्वामीमलै ह्या गावी धातूत दिसते. येथील स्थपती आजही मेणाच्या साच्यातून देवमूर्ती ओततात. मूर्ती करावयाची तर आरंभी नारळाच्या झावळीची एक पट्टी घ्यावयाची. ती मूर्तीच्या उंचीएवढी कापावयाची आणि शास्त्रात सांगितलेल्या तालमानाप्रमाणे तिला घड्या घालावयाच्या. त्या घड्यांवरून मुख कोठे संपते, नाभी कोठे येते, गुडघा कोठे, हे ठरते. मस्तकापासून पायापर्यंत एक मध्यसूत्र कल्पिलेले असते. त्रिभंगातील मूर्तीचे डोके, कंबर व पाय ह्या सूत्रापासून किती ढळावयाचे ह्याचे माप असते, आणि ते ढळणे म्हणजेच तिचे लावण्य. मग मधमाशांचे मेण व राळ ह्यांच्या मिश्रणातून मूर्ती घडवावयाची, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या बारीक मातीचे लेप द्यावयाचे, तापवून मेण वितळवून काढावयाचे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतावयाचा. मूर्ती बाहेर काढताना मातीचा साचा फोडावा लागतो. म्हणून दुसरी हुबेहूब तशी मूर्ती होत नाही. पुन्हा झावळी, पुन्हा घड्या, पुन्हा रेषा.

अशा मुलखात मराठी दरबार येऊन बसला. त्याने आपल्याबरोबर आपली भाषा, आपली दैवते, आपले पोशाख आणले; आणि तेथील चिताऱ्यांना नवे काम दिले. आज तंजावर चित्र म्हणून जे सर्वत्र ओळखले जाते ते मुख्यतः ह्याच काळात रूपास आले. लाकडी फळीवर कापड चिकटवून त्यावर खडूच्या भुकटीचा थर द्यावयाचा, त्यावर बाळकृष्णाची किंवा रामपट्टाभिषेकाची आकृती रेखावयाची, दागिने, कमानी व आसने लुकणाने उठावदार करून त्यांवर सोन्याचा वर्ख व काचेचे खडे बसवावयाचे, असा त्याचा क्रम. सोन्याच्या झगमगाटात बघणाऱ्याचे डोळे दिपतात. परंतु शेवटी चितारी बारीक कुंचल्याने गडद बाह्यरेषा फिरवितो तेव्हाच नाक, डोळे, बोटे आपापल्या जागी येतात. तोपर्यंत तो नुसता ऐवज असतो. रेषेने त्याचे चित्र होते.

ह्या दरबारातील सर्वांत जिज्ञासू पुरुष म्हणजे दुसरे सरफोजी राजे. १७९८ पासून १८३२ पर्यंत ते गादीवर होते. १७९९ च्या तहाने मुलखाचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि राजांच्या हाती किल्ला व त्याचा परिसर एवढेच उरले. राज्य गेलेल्या ह्या राजाने ज्ञानाचा संसार थाटला. सरस्वती महाल ग्रंथालयाची वाढ, देवनागरी छापखाना, धन्वंतरी महाल ही सर्व कामे सुपरिचित आहेत. त्यांच्या पदरच्या चिताऱ्यांना त्यांनी देवदेवतांबरोबरच पक्षी, प्राणी व वनस्पती रेखावयास लाविले. तंजावरचे रेसिडेंट बेंजामिन टोरिन ह्यांना त्यांनी भेट दिलेला अशा चित्रांचा संग्रह आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. नेत्ररोग्यांच्या हकीकतींबरोबर त्यांच्या डोळ्यांची चित्रेही सरफोजी राजांनी करवून घेतली. तीही सरस्वती महालात जतन झाली आहेत. देवाच्या डोळ्याची रेषा घोटलेल्या चिताऱ्याला येथे रोग्याच्या डोळ्याची रेषा काढावी लागली. पहिलीत परंपरा पाळावयाची होती; दुसरीत समोर जे आहे तेवढेच, न वाढविता व न सजविता, टिपावयाचे होते. एकाच हाताने ही दोन्ही कामे केली, ही लहान गोष्ट नव्हे.

ह्याच सरफोजी राजांनी आपले गुरू, मिशनरी श्वार्ट्झ ह्यांच्या स्मारकाचे काम लंडनच्या जॉन फ्लॅक्समन ह्या शिल्पकाराकडे सोपविले. गुरूच्या मृत्युशय्येपाशी राजे उभे आहेत असे ते संगमरवरी उठावशिल्प तंजावरच्या चर्चमध्ये आहे. फ्लॅक्समन हा त्या काळच्या युरोपातील बाह्यरेषेचा श्रेष्ठ उपासक. होमरच्या महाकाव्यांवरील त्याची नुसत्या रेषेची, छायेचा स्पर्शही नसलेली चित्रे १७९३ मध्ये रोम येथे प्रसिद्ध झाली आणि युरोपभर गाजली. त्याआधी कित्येक वर्षे त्याने वेजवुड ह्यांच्या प्रसिद्ध कारखान्यातील चिनी मातीच्या भांड्यांसाठी आकृत्या करून दिल्या होत्या. कोरिंथच्या कुंभाराची कथा जणू इंग्लंडात पुन्हा घडली! कावेरीकाठच्या राजाची आणि ह्या रेषेच्या उपासकाची गाठ पडावी हा इतिहासातील एक सुंदर योगायोग होय.

परंतु रेषेचा आणि मराठी दरबाराचा खरा संगम पाहावयाचा तर तो कोडालिकरुप्पूर ह्या गावी. कुंभकोणमच्या बाजूचे, कोळ्ळिडमच्या पलीकडचे हे गाव आज अरियलूर जिल्ह्यात मोडते. येथील विणकर व रंगारी तंजावरच्या राजघराण्यासाठी साड्या, पागोटी व उपवस्त्रे करीत. ही वस्त्रे बाजारात मिळत नसत. ती राजांची व राजस्त्रियांची. लग्नकार्यात आणि मानपानात ती आप्तसंबंधी संस्थानांकडेही जात. पुढे देशातील व परदेशातील संग्रहालयांत त्यांचे थोडे नमुने जाऊन पडले, त्यांवरूनच त्यांची ख्याती आज उरली आहे.

करुप्पूरच्या साडीचे वैशिष्ट्य असे की ती दोन कलांची मिळून एक झालेली आहे. प्रथम मागावर तलम सुती पोत विणला जाई आणि विणतानाच, जेथे नक्षी हवी तेवढ्याच जागी, जरीचा जादा धागा घालून बुट्टे उठविले जात. ढाक्याच्या जामदानीची जी रीत तीच ही. मागावरून उतरलेले वस्त्र मग रंगाऱ्याकडे जाई. तो त्यावर कलमाने काम करी. मागावर धागे उभे व आडवे असतात, त्यामुळे विणलेली वक्ररेषा पायऱ्यापायऱ्यांनीच चढते. पाकळीची गोलाई तेथे पुरती साधत नाही. कलमाला असे बंधन नाही. विणकराने जरीत मांडलेल्या आकाराभोवती रंगारी आपली रेघ फिरवी, आणि पायऱ्यांची कडा मऊ होऊन फूल फुलासारखे दिसू लागे. भोवतालचे सूत गर्द तांबडे किंवा तपकिरी रंगे. जर मात्र रंग घेत नसे. त्यामुळे ती लखलखण्याऐवजी रंगाखालून मंद चमके. श्रीमंती दाखविण्यापेक्षा झाकण्यातच ह्या वस्त्राचे सौंदर्य होते.

ही रेघ सोपी नसे. आधी कापड धुवून, शेणाच्या पाण्यात भिजवून, उन्हात वाळवून त्याचा मूळचा मळकटपणा घालवावयाचा. मग हिरड्याची भुकटी म्हशीच्या दुधात कालवून त्यात ते भिजवावयाचे. हिरड्यातील तुरट द्रव्य रंग धरून ठेवते. दुधातील स्निग्धांश रंग पसरू देत नाही. दूध नसेल तर रेघ कापडावर फुटते आणि पाकळीची कडा डागासारखी दिसते. म्हणजे रेषेची स्वच्छता ही केवळ हाताच्या कौशल्याची नव्हे, तर म्हशीच्या दुधाचीही देणगी आहे! कलम म्हणजे बांबूची अणकुचीदार काडी. तिच्या टोकाच्या वर लोकर किंवा चिंधी गुंडाळलेली असते, तीत रंग साठतो आणि बोटांच्या दाबाने तो थेंबाथेंबाने टोकाकडे उतरतो. चिंचेच्या काडीच्या कोळशाने आधी अस्पष्ट आराखडा करून घेत. त्यावर काळी रेघ फिरे. लोखंडाचे तुकडे गुळाच्या पाण्यात दिवसेंदिवस आंबवून हा काळा रंग करतात. कलमातून उतरताना तो फिकाच असतो, पण हिरडा चढलेल्या कापडाला लागताच काळा होतो. एकदा काळा झाला की तो पुसता येत नाही. कोळशाची रेघ झटकली तर जाते. ही जात नाही. तुरटीचे पाणी लावून चाय नावाच्या मुळीबरोबर कापड उकळले म्हणजे तांबडा रंग चढतो. जेथे रंग नको तेथे कलमानेच वितळलेले मेण लावून ती जागा राखून ठेवतात. काळी रेघ सांगते, येथे आकार आहे. मेणाची रेघ सांगते, येथे काही येऊ द्यावयाचे नाही. नक्षी ह्या दोन्ही रेघांनी मिळून होते.

आकृतिबंधाच्या दृष्टीने पाहता करुप्पूरची ही बाह्यरेषा म्हणजे दोन कारागिरांमधील करार होता. विणकराने जर कोठे घालावयाची हे ठरविताना रंगाऱ्याची रेघ कोठून जाणार हे त्याच्या ध्यानी असावे लागे. आणि रंगाऱ्याला विणकराची मर्यादा सांभाळून आपले वळण घ्यावे लागे. एकाने आपल्या पायरीबाहेर पाऊल टाकले किंवा दुसऱ्याने आपली रेघ मनमानी फिरविली, तर महिनोन्‌महिने खपून केलेले वस्त्र वाया जावयाचे. उत्तम योजना म्हणजे काय, ह्याचे ह्याहून बोलके उदाहरण शोधूनही सापडणे कठीण.

असा करार चालू राहावयाचा तर त्याला एक तिसरा पक्ष लागतो. तो म्हणजे आश्रयदाता. जर महाग, वेळ अमाप, आणि गिऱ्हाईक एकच. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी राजे पुत्रावाचून वारले आणि कंपनी सरकारने तंजावरचे राज्य व राजवाडा ताब्यात घेतला. राणी कामाक्षीबाईंनी दाद मागितली, पण १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल त्यांच्याविरुद्ध दिला. राज्यांच्या इतिहासात ह्या घटनेची नोंद एका ओळीत होते. करुप्पूरच्या घरांत तिचा अर्थ निराळा होता. जरीची मागणी थांबली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती राजवस्त्रे विणली जाणे हळूहळू बंद पडले, आणि एकदा माग थांबल्यावर विणकर व रंगारी ह्यांचा परस्परांशी असलेला हिशेब, जो कोणी कधी कागदावर लिहिला नव्हता, तोही मोडला.

परंतु रंगाऱ्याची रेघ थांबली नाही. तिला दुसरा धनी होता, तो म्हणजे देऊळ. कावेरीकाठच्या मंदिरांना रथोत्सवासाठी चित्रित कापड लागते: देवावर धरावयाचे चांदवे, दारावरची तोरणे, आणि तोंबै म्हणजे रथाला व मंडपाला लटकावयाच्या लांब नळकांड्यासारख्या झालरी. ह्यांना जर नको, तलम पोत नको. साधे जाडेभरडे सुती कापड चालते. त्यावर काळी रेघ, तांबडी भूमी, मोर, हंस, यक्ष, कमळे. करुप्पूरबरोबर शिक्कलनायकनपेट्टै ह्या गावातही हे काम टिकले. सोने गेले, सूत राहिले. राजा गेला, देव राहिला. आणि ह्या सर्व घडामोडीत कलमाची रेघ एका कापडावरून दुसऱ्या कापडावर निमूटपणे गेली.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तव्यवसाय मंडळ कमलादेवी चट्टोपाध्याय ह्यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झाले. अशा मरणपंथास लागलेल्या कारागिरीचा शोध त्यानंतर नेटाने सुरू झाला. जुन्या करुप्पूर साडीचे नमुने पुढे ठेवून तसे वस्त्र पुन्हा करून पाहण्याचे प्रयत्नही झाले. २०२१ मध्ये करुप्पूरच्या कलमकारी चित्रांना भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. ही मान्यता स्वागतार्हच आहे. तथापि नाव राखले म्हणजे कला राखली असे होत नाही. रेशमी पडद्याच्या छपाईने तीच नक्षी थोड्या वेळात शेकडो वार कापडावर उठविता येते, आणि दुरून पाहणाऱ्याला भेदही कळत नाही. जवळून पाहिले म्हणजे कळतो. छापलेली रेघ सर्वत्र सारख्याच जाडीची असते. कलमाची रेघ रंग भरलेला असता जाड निघते, पुढे बारीक होत जाते, वळणावर क्षणभर रेंगाळते आणि पुन्हा रंग घेतल्यावर ठसठशीत होते. तिच्यात हाताचा श्वास असतो. ही रेघ उद्या कोणी काढावयाची असेल तर ज्या हाताने ती काढावयाची त्या हाताचे पोट भरले पाहिजे. पूर्वी ते दरबाराने भरले, मग देवळाने. आता ते ग्राहकाने भरावयाचे आहे. हा प्रश्न कलेचा जितका, तितकाच अर्थव्यवहाराचा आहे.

तंजावरच्या ह्या इतिहासात एक गोष्ट पुन्हापुन्हा प्रत्ययास येते. रंग, सोने, जर, राजाश्रय ही सर्व रेषेच्या आतली संपत्ती. ती काळाप्रमाणे येते आणि जाते. बाह्यरेषा त्यांच्याहून गरीब. तिला पीठ चालते, कोळसा चालतो, गुळाच्या पाण्यात आंबलेले लोखंड चालते. पण आत काय घ्यावयाचे आणि बाहेर काय ठेवावयाचे, हा निर्णय तिचाच असतो. तो निर्णय घ्यावयास शिकलेला हात कावेरीकाठच्या गावांतून अद्याप नाहीसा झालेला नाही. तेथील अंगणांतून रोज पहाटे तांदळाच्या पिठाने त्याची उजळणी चालू आहे.